डोळ्याची नस सुकली म्हणाले, आता पुढं काय?

माघात आमच्या अंगणात मिरच्या वाळत पडतात. त्या वर्षी आई संकेश्वरी मिरच्या पसरत होती. मी ओट्यावरून म्हटलं, "आई, मिरच्या काळ्या पडल्यात गं. ओल लागली काय?" आईनं एक उचलली, उन्हात धरली, माझ्याकडं बघितलं. "लालभडक हैत की रे. तुला काय झालंय?"

मला टीबीच्या गोळ्या चालू होऊन चौथा महिना लागला होता. छाती बरी होत आली होती, वजनही वाढत होतं. डोळ्यांचं मात्र मी चष्म्याचा नंबर वाढला असेल असं धरलं आणि चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एकदा नंबर बदलला, महिन्यानं परत बदलला. फळ्यावरचं माझंच अक्षर मला दिसेना, तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. टीबीच्या औषधातलं इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसांना बाधलं होतं. औषध त्याच दिवशी बदललं. नंतरच्या काही महिन्यांत लाल रंग थोडा परत आला. मधला धूसर ठिपका राहिला, तो आजही आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवतो. गेल्या काही वर्षांत बेळगाव, निपाणी, हुक्केरी, चंदगड अशा भागांतली माणसं कागद घेऊन माझ्याकडं येतात. कागदावर लिहिलेलं असतं 'ऑप्टिक अ‍ॅट्रॉफी', 'ऑप्टिक न्यूरोपथी' किंवा 'ग्लॉकोमा', म्हणजे काचबिंदू. डॉक्टर घाईत एवढंच म्हणालेले असतात, "नस सुकलीय." प्रत्येकाला मी जे सांगतो, ते इथं क्रमानं लिहितो.

आधी, झालंय काय ते समजून घ्या

वडगाव-खासबागेत माग बघितला असेल तर हे लवकर कळेल. मागावर ताणा असतो, शेकडो उभे धागे. माग चांगला, सूत चांगलं, विणणारा चांगला, पण ताण्यातले धागे तुटले की कापडात तेवढी जागा उघडी पडते. डोळ्याच्या मागून मेंदूकडं जाणारी नस म्हणजे दहा ते बारा लाख धाग्यांचा ताणा. डोळ्याच्या पडद्यावर चित्र नीट उमटतं, मेंदूही नीट असतो, पण मधले धागे गेल्यावर तेवढं चित्र पोचत नाही.

विणकर तुटलेला धागा सांधतो. ह्या नसेचा मेलेला धागा आजच्या वैद्यकाला सांधता येत नाही. तो स्वतःहूनही परत वाढत नाही. म्हणून चष्म्यानं फरक पडत नाही, कारण चष्मा भिंग सुधारतो आणि इथं बिघाड भिंगाच्या मागं आहे. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून नजर आणता येत नाही तेही ह्याचमुळं.

पण सगळे धागे एकदम जात नाहीत. काही मेलेले असतात, काही सुजलेले किंवा दबलेले असतात आणि ते वाचू शकतात. बाकीचे शाबूत असतात. गेलेली नजर शोधत फिरण्यात लोकांचं वर्ष जातं आणि तेवढ्यात उरलेले धागेही जातात. तुमचं पहिलं काम नस कशानं खराब झाली ते शोधणं आणि ते कारण थांबवणं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, त्यामुळं घरचेसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. शिवाय प्रत्येकाचं दिसणं वेगळं असतं. माझा मधला भाग गेलाय, कडेचं दिसतं. रस्त्यानं मी नीट चालतो, दगड चुकवतो, पण पेपर वाचता येत नाही. काचबिंदूवाल्याचं बरेचदा उलटं असतं. तो पंचांगातलं बारीक अक्षर वाचेल आणि गोठ्यात वासराच्या दाव्याला अडखळून पडेल. दोघांनाही लोक ढोंगी म्हणतात. घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

थांबायचं नाही अशी वेळ

खालचं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. रात्र असली तर अपघात विभागात जा.

एका डोळ्याची नजर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत उतरली, डोळा फिरवताना आत दुखतंय, रंग फिके वाटतात. ही नसेची सूज असू शकते. डोकं सतत दुखतंय, उलट्या होतात, वाकल्यावर किंवा उठल्यावर क्षणभर अंधारी येते. डोक्यातला दाब वाढून नसेवर आलेला असू शकतो. दुचाकीवरून पडून भुवईच्या बाहेरच्या बाजूला मार लागला आणि त्या डोळ्याला कमी दिसायला लागलं. बाहेर जखम नसली तरी आत नसेला धक्का बसलेला असतो. पन्नाशीच्या पुढच्या माणसाची कानशिलं दुखतात, चावताना जबडा दुखतो आणि अचानक दिसेनासं होतं. डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती कडी दिसतात, मळमळतं. ह्याला घरी 'पित्त झालंय' म्हणून आल्याचा रस देतात आणि रात्रीत डोळा जातो. तो काचबिंदूचा तीव्र झटका असतो.

आणि बेकायदा दारू. तिच्यात मिथेनॉल असलं तर पिल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांसमोर पांढरं धुकं येतं, पोट दुखतं, श्वास जोरात चालतो. 'उतरली की दिसेल' म्हणून झोपवून ठेवू नका. ह्या विषावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला लागतो. डॉक्टरला दारूचं खरं सांगा. लाजेपायी लपवलं की नजरेबरोबर जीवही जातो.

कुठल्या डॉक्टरकडं, काय घेऊन

चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीवर थांबू नका, ही माझी स्वतःची चूक. चष्मा लावूनही अक्षर स्पष्ट होत नसेल, तर डोळ्याचा डॉक्टर पाहिजे. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आणि नेहरूनगरातलं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल, दोन्हीकडं नेत्रविभाग आहे. मोठा दवाखाना असण्याचा फायदा हा की नसेच्या दुखण्यात बहुधा न्यूरोचा डॉक्टरही लागतो. पुढं पाठवलं तर हुबळी आहे, मराठीत बोलायचं तर कोल्हापूर-मिरज आहे, बेंगळूरला डोळ्यांचं सरकारी मिंटो आणि मेंदूच्या आजारांचं निम्हान्स ही रुग्णालयं आहेत.

पैशाचं आधी बघा. कर्नाटकातल्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत खाजगी दवाखान्यात जायला साधारणपणे सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, म्हणून सुरुवात सरकारीतून करा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. पलीकडं जाणार असाल तर आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, फोन करून, तुमचं गाव आणि तुमचा आजार बसतो का आणि कुठले कागद लागतात, ते विचारून मगच गाडी पकडा.

जाताना एक पिशवी न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं तिच्यात टाका, शुगरच्या, बीपीच्या, टीबीच्या, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. मेडिकलमधून स्वतः आणलेले डोळ्याचे थेंबही टाका. आणि एका कागदावर मराठीतच लिहा, कुठल्या डोळ्याला, कधीपासून, हळूहळू की एकदम, दुखतं का, घरात कुणाला असं आहे का. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर सोबत कन्नड येणारा माणूस न्या. आपली मराठी माणसं दवाखान्यात कन्नडला बिचकून 'हौद्री, हौद्री' म्हणत मान हलवतात आणि बाहेर आल्यावर मला विचारतात, काय म्हणाले? कळलं नाही तर तिथंच परत विचारा. बहुतेक डॉक्टरांना मराठी कळतं.

बाहुली मोठी करायचे थेंब घालतील. त्यानंतर चार-सहा तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. दुचाकी घेऊन जाऊ नका.

तपासण्या

पहिली तपासणी फुकटची आणि सगळ्यात शहाणी. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर फिरवतात. चांगल्या नसेच्या डोळ्याची बाहुली उजेडात आकसते, खराब नसेच्या डोळ्यावर उजेड आला की ती उलट पसरते. माणूस खोटं बोलेल, बाहुली बोलत नाही. पण दोन्ही नसा सारख्याच खराब असतील तर हा फरक दिसत नाही, माझ्या बाबतीत तसंच झालं. मग रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचं पुस्तक येतं. मला त्यातला पहिला आकडा सोडून एकही आला नाही.

नंतर 'फील्ड टेस्ट', म्हणजे नजरेचा परीघ मोजणं. हिच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण हीच लोक बिघडवतात आणि पुढचे सगळे निर्णय, दिव्यांगाच्या दाखल्याची टक्केवारीसुद्धा, बऱ्याच जणांची हिच्यावर ठरते. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवायची, समोर पांढरी वाटी, हातात बटण. वाटीत मधोमध एक दिवा असतो, नजर त्याच्यावरच ठेवायची. कडेला कुठंतरी ठिपका चमकला असं वाटलं की बटण दाबायचं. ठिपक्याकडं बघायला डोळा फिरवायचा नाही. मशीन मुद्दाम इतके मंद ठिपके दाखवतं की चांगल्या नजरेच्या माणसालाही त्यातले बरेच दिसत नाहीत. म्हणून 'मला काहीच दिसत नाही' म्हणून घाबरू नका. आणि चांगला रिपोर्ट यावा म्हणून अंदाजानं बटण दाबत बसू नका. मशीनला ते कळतं, रिपोर्ट अविश्वसनीय ठरतो आणि परत बोलावतात. डोळा कोरडा पडला तर बटण दाबताना पापणी मिटा. दमला असाल तर बटण दाबून धरा, बहुतेक मशीन थांबतात, नाहीतर थांबवायला सांगा. गावाकडनं पहाटेच्या गाडीनं आलेला माणूस दुपारी उपाशीपोटी ही टेस्ट देतो आणि मधेच पेंगतो. आधी काहीतरी खाऊन घ्या. पहिली टेस्ट बहुतेकांची कच्ची असते, दुसरीवर विश्वास ठेवायचा.

ओसीटीत नसेच्या धाग्यांची जाडी मोजतात, दुखत नाही. हिरवं म्हणजे वयाच्या मानानं ठीक, लाल म्हणजे पातळ. गरजेप्रमाणं मेंदू आणि डोळ्यांच्या खोबणीचा एमआरआय, रक्तात बी-१२, शुगर आणि अंगातली सूज दाखवणारी ईएसआर. एमआरआय टाळू नका. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नसेवर दाबत असेल आणि ती वेळेत काढली, तर काही नजर परत येते. थोड्याच कारणांत असं होतं, म्हणून ते हातचं घालवू नका.

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं एका फाइलीत. मूळ कुणाला द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची.

कारण सापडल्यावर

सगळ्यात जास्त माणसं येतात ती काचबिंदूची, आणि सगळ्यात जास्त वाईट मला त्यांचंच वाटतं. काचबिंदूत डोळ्यातला दाब नसेला सोसत नाही. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा सर्वसामान्य दाब मानतात, पण काहींची नस त्याच्यातही खराब होते. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. आपल्याकडं 'मोती पिकू दे, मग काढू' असं म्हणत वाट बघायची सवय. मोतीबिंदूची नजर ऑपरेशननं परत येते, काचबिंदूची येत नाही. नावं सारखी असल्यानं किती जणांचे डोळे गेले असतील!

काचबिंदूचे थेंब आयुष्यभर घालायचे असतात. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं नाही. थेंबानं दिसण्यात काही फरक पडत नाही म्हणून लोक सोडतात. थेंब आहे ते राखायला असतो. घालायची पद्धत अशी. मान मागं, खालची पापणी ओढून खळगा करायचा, एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. दमा असेल तर डॉक्टरला आधी सांगा, काचबिंदूचे काही थेंब दम्याला चालत नाहीत. आणि घरी सख्ख्या भावंडांची, मुलांची तपासणी करा, काचबिंदू रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो.

ह्याच्यातच एक गोष्ट कळवळून सांगतो. पोरांचे डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणले जातात. लगेच आराम पडतो, मग वर्ष-दोन वर्षं तेच चालतं. त्यानं डोळ्याचा दाब चढून काचबिंदू होतो. नववीतल्या एका मुलाला ह्याच्यापायी पुढच्या बाकावरूनही दिसेनासं झालेलं मी बघितलंय. त्याच्या आईनं पिशवीतून पाच रिकाम्या बाटल्या काढून माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. तिला वाटत होतं, आपण पोराच्या डोळ्यांची केवढी काळजी घेतली.

टीबीच्या औषधाचं माझ्यावरून कळलंच. इथॅम्ब्युटॉल सगळ्यांना बाधत नाही. डोस जास्त असेल, औषध लांबलं किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो. रंग बदलले, अक्षर पुसट झालं की त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरला किंवा आशाताईंना सांगा. स्वतःहून सगळ्या गोळ्या बंद करू नका, टीबी उलटतो. डॉक्टर ते एक औषध काढून बाकीचे चालू ठेवू शकतात. चिवट टीबीत देतात ते लिनेझोलिडही नसेला बाधू शकतं.

निपाणीकडं तंबाखू हेच पोट, तेव्हा हे लिहिताना जपून लिहितो. तंबाखू आणि दारू वर्षानुवर्षं चालू, जेवण कमी, बी-१२ कमी, अशा माणसांच्या दोन्ही डोळ्यांतला मधला भाग हळूहळू धूसर होत जातो. लवकर सोडलं आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेतली तर ह्यात सुधारणा होते. तंबाखू न खाणाऱ्या शुद्ध शाकाहारी माणसालाही बी-१२ची कमतरता होते, तेवढी तपासणी कराच.

पंधरा ते पस्तीसच्या दरम्यानच्या मुलाचा एक डोळा गेला आणि काही आठवड्यांत-महिन्यांत न दुखता दुसराही, तर लेबर नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. तो आईकडून येतो, आणि ते कळलं की घरात सुनेला बोल लावायला सुरुवात होते. दोष तिचा नाही, तिला स्वतःलाही तो तिच्या आईकडूनच आलेला असतो. त्या मुलानं, त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि मावशीच्या पोरांनी सिगारेट-दारूपासून लांब राहावं, एवढं महत्त्वाचं.

जिथं पैसे घालवायचे नाहीत

'नेत्रदानातून डोळा बसवता येत नाही का?' हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. नेत्रदानातून बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवतात, नस जोडता येत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका माणसाला अख्खा डोळा बसवला, डोळा जगला, पण नजर आली नाही.

'स्टेम सेल'ची इंजेक्शनं देऊन नस जिवंत करतो म्हणणाऱ्यांकडं जमीन गहाण टाकून जाऊ नका. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा उपचार मान्य नाही, नोंदणी केलेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले तिथंच ओळखा. डोळ्यात मध, लिंबू, झाडपाल्याचा रस घालू नका, नस मागं आहे, तिथं तो पोचतही नाही.

दाखला आणि कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणं टक्केवारी दोन्ही डोळ्यांवर, उत्तम चष्मा लावून मोजतात. ६/६० म्हणजे चांगल्या नजरेला साठ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहा मीटरवरून. दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये असतील तर ४० टक्के, माझे तेवढेच आहेत. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल किंवा परीघ दहा अंशांपेक्षा कमी असेल तर तो अंधत्वाचा गट, ९० टक्के किंवा वर. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात, म्हणून ह्या माणसांची निराशा होते. ते आधीच माहीत असलेलं बरं.

काचबिंदूवाल्यांनो, तुमची अक्षरं वाचायची नजर ६/९ असू शकते आणि नुसत्या तक्त्यावर तुम्ही शून्य टक्क्यांत जाल. परीघ ४० अंशांच्या आत आला की तुम्ही कमी दृष्टीच्या व्याख्येत बसता. फील्ड टेस्टचा रिपोर्ट नेल्याशिवाय आणि तो बघायला लावल्याशिवाय परतू नका.

अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी. फोनवरून जमत नसेल तर ग्राम वन किंवा कर्नाटक वन ह्या सरकारी सेवा केंद्रात भरून देतात. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, उपचाराचे कागद. नाव आधारवर आहे अगदी तसंच लिहा. आपल्याकडं शाळेचा दाखला मराठीतून, रेशनकार्ड कन्नडमधून आणि आधार इंग्रजीतून, त्यामुळं एकाच माणसाची तीन नावं होतात. कार्ड अडकतं ते बहुधा इथं. मग मेसेज आला की दिलेल्या तारखेला मूळ कागद घेऊन तपासणीला जायचं.

चंदगडची मंडळी दवाखान्याला बेळगावात येतात. त्यांनी आधारवरच्या पत्त्याच्या जिल्ह्यातून, म्हणजे कोल्हापुरातून अर्ज करणं सोपं. दाखला कुठल्याही राज्याचा असो, कायद्यानं तो देशभर चालतो. पेन्शन आणि बसपास मात्र ज्या राज्यात राहता त्या राज्याचे.

कर्नाटकात हे खातं 'विकलचेतन' ह्या नावानं शोधा, पाटीवर तोच शब्द असतो. ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून एक पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तालुक्याला एमआरडब्ल्यू. ते स्वतः दिव्यांग असतात, कागदांचा रस्ता त्यांना पाठ असतो. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, रक्कम टक्केवारीवर ठरते. अंधांना बसपास आहे, अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर.

नोकरी आणि शाळा

सरकारी नोकरीत असाल तर घाबरून राजीनामा देऊ नका. कायद्याच्या कलम २० प्रमाणं नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पगारश्रेणीही कमी करता येत नाही. जमेल असं दुसरं काम द्यावं लागतं. मला एका वरिष्ठानं 'स्वेच्छानिवृत्ती घ्या गुरुजी, सुखानं घरी बसा' असं प्रेमानंच सांगितलं होतं. मी कलमाची प्रत अर्जाला जोडली. आजही शिकवतो. फळ्यावर मुलं लिहितात, मी बोलतो.

मूल शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, पण दहावीच्या फॉर्मच्या वेळीच मागायला लागतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नसतो.

रोजचं

दुचाकी बंद करा. हे सांगताना मला समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघवत नाही, पण सांगतोच.

मधला भाग गेलेल्यांनी जरा बाजूला बघायला शिका. मुलाचा चेहरा दिसायला मी त्याच्या कानाकडं बघतो, मग नाक-डोळे उमटतात. सवयीला दोन-तीन महिने लागले. आधी मुलांना वाटायचं, गुरुजी दुसऱ्याशीच बोलतात.

घरात उजेडापेक्षा रंगांतला फरक जास्त कामाचा. स्टीलच्या ताटात पांढरा भात मला दिसत नाही, गडद ताटात दिसतो. ओट्याच्या, पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारा. आमच्याकडं पावसाळ्यात दुपारी चारलाच अंधारतं आणि लाइट जाते, तेव्हा हा पट्टाच वाचवतो. वस्तू जागच्या जागी, आणि दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट दारावर सगळ्यांची कपाळं फुटलीत.

फोनमध्ये टॉकबॅक चालू करा, तो मराठीत वाचून दाखवतो. पहिला आठवडा वैताग येतो, पोरांना बसवून शिका. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मणी' अ‍ॅप आहे. बोटानंही कळतं. नव्या शंभरच्या कडेला चार उठावदार रेघा, दोनशेला चार रेघा आणि मधे दोन गोल, पाचशेला पाच रेघा. वाचायची आवड असेल तर 'सुगम्य पुस्तकालय' ह्या ऑनलाइन ग्रंथालयात दाखल्यावर नाव घालता येतं.

परीघ गेलेल्यांनी पांढरी काठी घ्या, छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचेल एवढी. लोक काय म्हणतील म्हणून छत्री घेऊन चालतात, पण छत्रीनं गटार कळत नाही आणि समोरच्या गाडीवाल्याला तुम्हाला दिसत नाही हेही कळत नाही.

बेळगावच्या स्टँडवर गाड्यांच्या पाट्या कन्नडमधून असतात, आपल्याला त्या तशाही दिसत नाहीत. "ही गाडी कुठं जाते?" असं विचारलं की गर्दीत कंडक्टर नुसता पाटीकडं बोट दाखवतो. "खानापूर का?" असं विचारा. त्याला हो किंवा नाही तोंडानं म्हणावंच लागतं. मग दारातल्या दांड्याला उजवा हात लावून चढायचं, आणि बसल्यावर शेजारच्याला आपला थांबा सांगून ठेवायचा.